दोतोर्न : इगर्जीची शाळा आणि घरची ओवी

गोव्यांतील पोर्तुगीज अमदानीसंबंधानें आमच्या भाषेंत आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. देवळें पाडलीं गेलीं त्याची हकीगत आहे, इन्क्विझिशनच्या जुलमाची आहे, भक्तांनीं आपले देव नदीपार नेऊन वांचविले त्याची आहे, आणि चिमाजीअप्पांनीं वसई घेतली त्याची तर आहेच. हें सर्व लिहिलें गेलें तें योग्यच झालें. परंतु ज्या एका गोष्टीनें गोव्यांतील व उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती समाज घडला, आणि पोर्तुगीजांचें राज्य, त्यांचें सैन्य व त्यांचे मठ हीं सगळीं गेल्यावरही जी टिकून राहिली, तिच्याकडे आमच्या लेखकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. ती गोष्ट म्हणजे इगर्जींत भरणारी मुलांची धर्माची शिकवणी. पोर्तुगीज लोक तिला 'दौत्रिना' म्हणत. गोमंतकीय जिभेवर त्याचें 'दोतोर्न' झालें. वसईकडे आज तिला साध्या मराठींत धर्मशिक्षण म्हणतात.

लढाईचा इतिहास लिहिणें त्या मानानें सोपें आहे. सात वर्षांच्या पोरास रविवारीं काय पाठ करावयास लावलें, आणि तें त्यानें घरीं जाऊन आईस म्हणून दाखविलें कीं नाहीं, ह्याचा इतिहास लिहिणें कठीण. पण एखादा धर्म एखाद्या कुळांत रुजतो कीं नाहीं, हें बहुधा तेथेंच ठरतें. इगर्जीची शाळा आणि घर ह्यांचें परस्परांशीं काय नातें होतें, तें कधीं जुळलें व कधीं तुटलें, एवढेंच ह्या लेखांत पाहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

कॅथलिक पंथांत मुलांना नेमानें धर्म शिकविण्याची चाल सर्वसाधारण समजुतीइतकी प्राचीन नाहीं. मध्ययुगीन युरोपांत मूल धर्म शिके तें आईच्या मांडीवर, सणावारांतून, चर्चच्या भिंतींवरील चित्रांतून. त्यासाठीं निराळी शाळा वा पोथी क्वचितच असे. ल्यूथरनें १५२९ सालीं प्रश्नोत्तरांची एक लहानशी पोथी काढून ती घराघरांत पोंचविली, आणि त्यामुळें कॅथलिक पक्षास जाग आली, असें पुष्कळदां म्हटलें जातें. त्यांत तथ्य आहे. परंतु सगळेंच श्रेय प्रतिपक्षास देण्याचें कारण नाहीं. मिलान शहरांत कास्तेल्लीनो नांवाच्या एका धर्मगुरूनें १५३६ मध्येंच सुटीच्या दिवशीं मुलांना जमवून धर्म शिकविण्याचा उपक्रम सुरू केला होता. पुढें ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ च्या नोव्हेंबरांत ठराव केला कीं, प्रत्येक धर्मग्रामांत, म्हणजे गोव्यांत ज्याला फिर्गज म्हणतात त्यांत, निदान रविवारीं व सणाच्या दिवशीं मुलांना श्रद्धेचीं मूलतत्त्वें शिकवावींत, आणि देवाची व आईबापांची आज्ञा पाळण्यास शिकवावें. ह्यांतील 'आईबापांची' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. गोव्यांत त्या शब्दाची मोठी परीक्षा व्हावयाची होती.

गोव्यांतील आरंभ मात्र ह्या ठरावाच्याही आधींचा आहे. फ्रान्सिस झेवियर हे १५४२ च्या मे महिन्यांत गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन ते शहराच्या रस्त्यांतून हिंडत आणि लोकांनीं आपलीं मुलें व आपले गुलाम शिकवणीस पाठवावे, म्हणून हांक देत. घंटेमागें पोरांचा घोळका जमे. मग इगर्जींत नेऊन प्रार्थना, श्रद्धेचा उच्चार व दहा आज्ञा हीं चालीवर म्हणवून घेत. भाषा पोर्तुगीज, पण दरबारी नव्हे, तर चाकरमाणसांच्या तोंडीं बसलेली मोडकीतोडकी. विद्वान् मनुष्यानें मुद्दाम अशुद्ध बोलावें ही गोष्ट आमच्या शास्त्रीमंडळींस रुचणार नाहीं, परंतु शिक्षकाच्या दृष्टीनें तींत मोठें शहाणपण होतें.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते दक्षिणेंत मोत्यांच्या किनाऱ्यावर परवा कोळ्यांत गेले. तेथें ही भाषाही निरुपयोगी. तेव्हां तामिळ व पोर्तुगीज अशा दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारीं माणसें गांठून त्यांनीं प्रार्थनांचें भाषांतर करविलें, अर्थापुरतें समजून घेऊन तें तोंडपाठ केलें, आणि पुन्हां घंटा हातीं घेतली. १५४४ च्या जानेवारींत कोचीनहून लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ही सगळी रीत सांगितली आहे. दिवसांतून दोन वेळां मुलें जमत. शिकलेलें घरीं जाऊन आईबापांस, घरच्या माणसांस व शेजाऱ्यांस शिकवावें, असा त्यांस हुकूम असे. आजाऱ्यांकडून बोलावणीं इतकीं येत कीं, स्वतः जाणें अशक्य होऊन ते मुलांच्याच हातीं जपमाळ देऊन त्यांस धाडीत. मुलें आजाऱ्याच्या उशाशीं बसून प्रार्थना म्हणत. शिष्यालाच शिक्षक करण्याची ही युक्ति केवढी परिणामकारक आहे, हें ज्यानें कधीं मुलांना शिकविलें आहे त्याला सांगावयास नको.

परंतु त्याच पत्रांत दुसरीही एक हकीगत आहे, आणि ती वाचतांना आमचें मन कचरतें. ज्या घरीं अद्याप मूर्तिपूजा चाले, तेथील बातमी हींच मुलें आणून देत. मूर्तिपूजेवरून तीं आपल्या आईबापांशीं भांडत. आणि पाद्रीबोवांबरोबर जाऊन मूर्ति फोडीत, त्यांवर थुंकत. लिहिणारास ह्यांत मुलांचा धर्मोत्साह दिसला. आम्हांस त्यांत एक आई दिसते, जिच्या देव्हाऱ्यावर तिच्याच मुलानें हात टाकला. मूल हें इगर्जींतून घरांत जाण्याचें दार आहे, हें झेवियर ह्यांनीं ओळखलें. पण दारांतून पाहुण्यासारखें आंत जातां येतें आणि दार फोडूनही आंत जातां येतें. पुढच्या शंभर-दीडशें वर्षांत गोव्यांत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालले.

फोडण्याचा प्रकार कायद्यानें झाला. १५५९ च्या मार्च महिन्यांत पोर्तुगालच्या राजाच्या नांवें एक फर्मान निघालें. त्या वेळीं राजा अल्पवयी होता व आजी कातारीना राज्य पाहत होती. हिंदूंचीं जीं अज्ञान मुलें आईबाप, आजाआजी असें कोणीच वडील माणूस नसल्यामुळें पोरकीं होतील, त्यांस सेंट पॉलच्या विद्यालयांत नेऊन बाप्तिस्मा द्यावा व वाढवावें, असा त्याचा आशय. कागदावर हें अनाथांच्या सांभाळाचें काम दिसतें. परंतु पुढें अंमल करणारांनीं त्याचा अर्थ ओढून असा केला कीं, बाप मेला म्हणजे मूल पोरकें, मग आई जिवंत कां असेना. 'ख्रिस्त्यांचा पिता' अशा नांवाचा एक अधिकारीच ह्या व अशा कामांवर होता. खरा पिता नुकताच वारलेला, घरांत सुतक, आणि हा सरकारी पिता दारांत! विधवा आपलीं मुलें घेऊन किंवा नातेवाइकांच्या स्वाधीन करून रात्रींतून आदिलशाही मुलखांत निघून जात, ह्यांत नवल तें काय? आईबापांची आज्ञा पाळण्यास शिकवा असें ट्रेंटची परिषद सांगत होती. गोव्यांत शिकवणीस बसविण्यासाठीं मूल आईपासूनच तोडलें जात होतें. ह्या विसंगतीवर त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांपैकीं फारच थोड्यांचें लक्ष गेलें.

आतां दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. १५७९ च्या ऑक्टोबरांत टॉमस स्टीफन्स नांवाचे एक इंग्रज जेसुइट गोव्यास आले आणि १६१९ सालीं वारले तोंपर्यंतचीं चाळीस वर्षें त्यांनीं बहुतेक साष्टी महालांत काढलीं. (मुंबईजवळची साष्टी ती निराळी, ही मडगांव-राशोलची.) मुलूख शांत नव्हता. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेसुइटांस ठार केलें. देवळें पाडल्याचा संताप अद्याप ताजा होता. अशा ठिकाणीं राहून ह्या गृहस्थांनीं दोन पुस्तकें केलीं. एक लहान, एक मोठें. लहान पुस्तक म्हणजे मुलांसाठीं संवादरूपानें रचलेली दोतोर्न; ती गोव्याच्या बोलींत, म्हणजे कोंकणींत आहे, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं राशोल येथें छापली गेली. मोठें पुस्तक म्हणजे १६१६ सालीं तेथेंच छापलेलें, सुमारें अकरा हजार ओव्यांचें मराठी ख्रिस्तपुराण.

मोठ्या पुस्तकाची कीर्ति आमच्याकडे पुष्कळ आहे. त्यांतील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं असतात. परंतु तें पुराण मुळांत कोणत्या गरजेंतून निघालें, हें आमच्या वाङ्मयेतिहासांत ओझरतें सांगून सोडून देतात. लेखकानें स्वतः तें पहिल्याच अध्यायांत सांगितलें आहे. साष्टींत दोतोर्न शिकविणें चाललें असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढें होऊन पाद्रीगुरूस विचारतो कीं, तुम्हीं आम्हांस प्रार्थना व आज्ञा शिकवितां तें ठीक. पण आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरीं पुराणें कां देत नाहीं? ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणून सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सुरू होते.

आमच्या मतें गोव्याच्या धर्मशिक्षणाच्या सर्व इतिहासांत ह्या प्रश्नाइतकें मार्मिक दुसरें कांहीं नाहीं. विचारणारानें धर्म टाकला होता, परंतु संध्याकाळीं घरांत बसून कांहीं तरी ऐकावें, चार माणसांनीं मिळून एक गोष्ट लांबवीत न्यावी, ही संवय त्याला टाकतां आली नव्हती. प्रश्नोत्तरें पाठ करून परीक्षा देतां येते. त्यांवर रात्र जागवितां येत नाहीं. आठवड्यास एक तास शिकवणी झाली, पण उरलेल्या दिवसांचें काय? घरांत जी पोकळी पाडली गेली ती भरून काढल्याशिवाय शिकलेलें टिकणार नाहीं, हें ह्या मनुष्यानें पाद्रीबोवांस सांगितलें, आणि पाद्रीबोवांनीं तें ऐकलें. ऐकलें म्हणूनच विल्टशायरचा मनुष्य ओवी रचावयास बसला. त्या ओव्यांत वैकुंठ आहे, मोक्ष आहे, आणि तारणहाराची कथा ज्या शब्दांत सांगितली आहे ते शब्द एकनाथांच्या श्रोत्यांस परके वाटले नसते. अमुक शब्द हिंदूंचा म्हणून टाकावा, असा सोवळेपणा फादर स्टीफन्स ह्यांनीं फारसा पाळला नाहीं.

लहान पुस्तक कोंकणींत आणि मोठें मराठींत कां, ह्यावर आमच्या काळीं दोन्ही बाजूंनीं पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आम्हांस त्यांत भांडणाचें कारण दिसत नाहीं. मुलाशीं बोलावयाचें तें त्याच्या घरच्या बोलींत, आणि पुराण सांगावयाचें तें ज्या भाषेंत पुराण ऐकण्याची लोकांस संवय होती त्या भाषेंत. घरांत एक बोली आणि कीर्तनांत दुसरी भाषा, हें गोव्याला नवीन नव्हतें.

लिपीची गोष्ट मात्र हळहळ लावणारी आहे. १६०८ च्या डिसेंबरांत फादर स्टीफन्स ह्यांनीं रोमला आपल्या वरिष्ठांस पत्र लिहून, ह्या देशाच्या भाषेंत व लिपींत पुस्तकें छापलीं जावीं अशी विनंती केली. मलबारांत तसें झालेंच होतें; कोल्लमला १५७८ सालीं तामिळ अक्षरांत दोतोर्न छापली गेली होती. अडचण अशी कीं, युरोपास चोवीस अक्षरें पुरत, तर येथें जोडाक्षरांसह सहाशें ठसे लागणार. ते दोनशें मातृकांवर आणतां येतील अशी तोड त्यांनीं काढली होती. पण विनंती फळास आली नाहीं. पुराण व दोतोर्न दोन्ही रोमन लिपींत निघालीं. तीं दोनशें अक्षरें ओतलीं गेलीं असतीं, तर मराठीचा मुद्रित काळ दोन शतकांनीं अलीकडे सुरू झाला असें आज म्हणावें लागलें नसतें, आणि ख्रिस्तपुराण इगर्जीच्या कुंपणाबाहेर कितीतरी आधीं पोंचलें असतें.

पुराण इगर्जींत रविवारीं व सणावारीं मिस्सेनंतर वाचून दाखवीत. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापावें लागलें, ह्यावरून त्याचा खप ध्यानांत येतो. १६०६ च्या गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेनें, जो लोकांची भाषा जाणत नाहीं अशास फिर्गजेचा विगार नेमूं नये, असें ठरविलें होतें, तें ह्याच मनोवृत्तीचें. तो काळ साधारण पन्नास-साठ वर्षें टिकला, आणि त्याच काळांत इगर्जीची शाळा गांवांत नीट रुजली. त्या शाळेचा चालक म्हणजे मेस्त. हा पाद्री नव्हे. गांवांतलाच संसारी गृहस्थ. सकाळीं मुलांना अक्षरओळख, दोतोर्न, आणि त्याबरोबर स्वरलेखन, व्हायोलिन व समूहगान शिकवावयाचें, मिस्सेच्या वेळीं गायकवर्ग सांभाळावयाचा, आणि मृताच्या घरीं गाणें म्हणावयास जावयाचें, अशीं त्याचीं कामें. त्याचा पगार गांवकरीच्या उत्पन्नांतून निघे. जुन्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न इगर्जींकडे वळविलें गेलें होतें हेंही येथें सांगितलें पाहिजे. मुलांच्या सुंदर गाण्याखालीं तोही एक खर्ज आहे.

ह्या मेस्तांच्या शाळेचें एक फळ मात्र कोणी अपेक्षिलें नव्हतें. विसाव्या शतकांत मुंबईच्या चित्रपटसंगीतास जे व्हायोलिनवादक, ट्रंपेटवाले व स्वररचना लिहिणारे मिळाले, त्यांतील बहुतेक गोमंतकीय अशाच शाळांतून स्वर वाचावयास शिकलेले होते. माजोर्डें गांवच्या इगर्जीच्या मेस्ताचे चिरंजीव अँथनी गोन्साल्विस ह्यांनीं प्यारेलाल शर्मांस व्हायोलिन शिकविलें, आणि शिष्यानें १९७७ सालीं गुरूचें नांव एका गाण्यांत घालून तें देशभर केलें. दोतोर्न पाठ करून घेण्यासाठीं जी चाल लावली गेली ती कोठवर पोंचली हें पाहून गंमत वाटते. पण हें विषयांतर झालें.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वारें फिरलें. लोकभाषा शिकण्याचा जो उत्साह पहिल्या पाद्रींत होता तो त्यांच्या वारसांत उरला नाहीं; आपण त्यांची भाषा शिकण्याऐवजीं त्यांनींच आपली शिकावी, हें अधिक सोयीचें वाटूं लागलें. १६८३ च्या अखेरीस संभाजीमहाराजांनीं गोव्यावर स्वारी केली आणि राज्य बुडतां बुडतां वांचलें. दुसऱ्याच वर्षीं, १६८४ च्या जूनमध्यें, व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्यानें बारदेशांतील फ्रान्सिस्कन साधूंच्या आग्रहावरून हुकूम काढला कीं, विगारांनीं व शाळामास्तरांनीं मुलांना पोर्तुगीजांतच शिकवावें, आणि रयतेनें तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें. तीन वर्षांत मातृभाषा सोडणें! १७४५ सालीं आर्चबिशप लोरेन्सो द सांता मारीया ह्यांनीं त्यावर कडी केली : पोर्तुगीज येत नसेल त्या वधूवरांचें लग्नच लावूं नये, असा त्यांचा फतवा होता.

ह्या दोन हुकुमांच्या मध्यें, १७३६ च्या एप्रिलांत, इन्क्विझिशननें ख्रिस्ती घरांतील हिंदु चालींची एक लांबलचक यादी काढून त्या सर्व बंद केल्या. हळद लावणें बंद, अंगणांत तुळस बंद, धोतर बंद. आणि लग्नांत ओव्या म्हणणें बंद. ज्या ओवीवर बसून ख्रिस्ताची कथा साष्टीच्या घरांघरांत शिरली, तीच ओवी एकशें वीस वर्षांनीं गुन्हा ठरली! यादी करणारे अधिकारी हुशार होते. धर्म कोठें राहतो हें त्यांनीं अचूक ओळखलें होतें. तो स्वयंपाकघरांत, माजघरांत, बायकांच्या गाण्यांत राहतो. परंतु तेथें हिंदुत्व राहतें एवढेंच त्यांनीं पाहिलें. ख्रिस्ती धर्महि आतां तेथेंच राहूं लागला आहे, हें त्यांस दिसलें नाहीं.

मुद्रणाची स्थिति तर आणखी वाईट. गोव्यांतील छापखाने १६७४ च्या सुमारास थंडावले ते १८२१ पर्यंत पुन्हां सुरू झाले नाहींत. जेसुइट १७५९ सालीं हांकलले गेले. बाकीचे साधुसंप्रदाय १८३५ सालीं बंद झाले. म्हणजे जवळजवळ दीड शतक मुलांसाठीं गोव्यांत नवें पुस्तक नाहीं, शिकविण्याची भाषा मुलांस न कळणारी, आणि जुने शिक्षक देशाबाहेर. ह्या हिशेबानें पाहतां धर्म सुकून जावयास हवा होता. तसें झालें नाहीं.

झालें नाहीं, कारण शाळा तोंपर्यंत घरांत गेली होती. संध्याकाळीं इगर्जीची घंटा वाजली कीं बाहेर खेळणारीं पोरें घरांत यावयाचीं; देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यापुढें दिवा लावून सगळें कुटुंब गुडघे टेकून तेर्स म्हणावयाचें, म्हणजे जपमाळ ओढावयाची; आणि ती संपतांच धाकट्यांनीं वडील माणसांपुढें एकेक करून जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागावयाचा. वाड्यावरच्या क्रुसापुढें वर्षाकांठीं लादाइन होई, तींत लातिन शब्दांस कोंकणी गळ्याचें वळण मिळे. हें सर्व शिकविण्यास मेस्त लागत नव्हता. आजी असली कीं झालें. हुकूमनाम्यांत आजीचा उल्लेख नसतो, म्हणून इतिहासांतही नसतो. पण पोर्तुगीज भाषेचा हुकूम हरला तो कोणत्या पंडितापुढें हरला नाहीं, तो ह्या आजीपुढें हरला, असें आमचें मत आहे.

उत्तर कोंकणचा दाखला ह्याहून स्पष्ट आहे. १७३९ च्या मे महिन्यांत वसई मराठ्यांच्या हातीं आली. तहांत ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहिली. परंतु राजाश्रय गेला, गोरे पाद्री बहुतेक निघून गेले आणि देशी पाद्रींवर भार पडला. जो धर्म केवळ सत्तेच्या धाकानें धरला जातो तो सत्ता जातांच सुटतो, हा सर्वसाधारण न्याय. पण वसईचे सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती आणि साष्टीचे कोळी व कुणबी ख्रिस्ती आपल्या मराठी बोलींसह जागच्या जागीं राहिले. त्यांच्या हातीं एक पुस्तक होतें. फ्रान्सिस्को व्हाझ द गिमराइंश नांवाच्या पाद्रीनें उत्तर कोंकणच्या बोलींत ओवीबद्ध ख्रिस्तकथा रचली होती. ती १६५९ सालीं लिस्बनमध्यें छापली गेली आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबईस पुन्हां निघाली. उपवासकाळांत ती गाण्याची चाल त्या लोकांत होती. काव्य म्हणून ती स्टीफन्सच्या पासंगासही पुरणार नाहीं. परंतु जें गातां येतें तें विसरतां येत नाहीं, एवढें तिनें सिद्ध केलें.

रोमच्या पुढील ठरावांचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. दहावे पायस ह्यांनीं १९०५ सालीं आज्ञा केली कीं, प्रत्येक विगारानें वर्षाच्या दर रविवारीं तासभर मुलामुलींस धर्म शिकवावा, आणि प्रत्येक धर्मग्रामांत त्यासाठीं गृहस्थाश्रमी स्त्रीपुरुषांचें मंडळ असावें. १९१० सालीं त्यांनीं पहिल्या ख्रिस्तप्रसादाचें वय सुमारें सात वर्षांवर आणलें. पूर्वी तें पुष्कळ ठिकाणीं बारा-चौदापर्यंत लांबे. एवढ्याशा नियमानें फार मोठा फरक पडला, कारण बारा वर्षांचा मुलगा शिक्षकाचा असतो, आणि सात वर्षांचा अद्याप आईचाच असतो. त्याची तयारी करून घ्यावयाची तर घर हातीं धरल्याशिवाय गत्यंतर नाहीं. १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें कुटुंबास 'घरगुती चर्च' हें नांव दिलें आणि आईबाप हेच मुलांचे पहिले धर्मशिक्षक होत असें सांगितलें. त्याच परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेंत आली. साष्टीच्या त्या ब्राह्मणानें साडेतीनशें वर्षांपूर्वीं जें सुचविलें होतें, त्यास रोमनें अखेर मान डोलविली. वसईकडे त्यानंतर धर्मशिक्षण व उपासना दोन्ही मराठींत चालूं लागलीं, 'सुवार्ता' मासिकानें ख्रिस्ती घरांत मराठी वाचनाची गोडी वाढविली, आणि त्या मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२४ सालीं वारले, ते २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले.

राहतां राहिली ख्रिस्तपुराणाची गोष्ट. तें तीनदां छापलें गेलें, परंतु त्या तीन आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज कोठें मिळालेली नाहीं. मग तें आपल्या हातीं आलें कसें? गोव्यांतून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं आपल्याबरोबर पुराण नेलें. टिपूनें १७८४ सालीं त्या लोकांस श्रीरंगपट्टणास बंदिवासांत नेलें, तेव्हां पाद्री व इगर्जी कांहींच जवळ नसतां त्यांनीं ह्याच ओव्यांवर आपली श्रद्धा जागती ठेविली, अशी मंगळूरकडे परंपरा आहे. १९०७ सालीं जोसेफ सालढाणा ह्यांनीं मंगळुरास जी आवृत्ति काढली, ती त्या बाजूच्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या हातानें उतरून ठेविलेल्या पोथ्यांवरून.